टोपलीच्या खेळाचे जनक : डॉ. जेम्स नेस्मिथ

दरवर्षी पावसाळा सरला आणि शाळेचे पटांगण वाळले, की बास्केटबॉलच्या दोन खांबांभोवती मुलांची गर्दी जमू लागते, आणि तिच्याबरोबर एक जुना वादही नव्याने उभा राहतो. एक म्हणतो, या खेळात उडी हेच सर्वस्व होय. ज्याची उडी उंच त्याचा जय ठरलेला. दुसरा म्हणतो, दंडबैठका काढून आणि वजने उचलून अंग कमावणारा गडी येथे निरुपयोगी. त्याचे हात जड होतात आणि नेम चुकतो. तिसऱ्याचे मत असे की, नेम आणि युक्ती असली म्हणजे व्यायामाची यातायात हवीच कशाला? आम्ही भाषेचे शिक्षक. या वादात निवाडा देण्याचा आमचा अधिकार तो काय!

परंतु गेल्या वर्षी तो निवाडा आम्ही केला, घाईने केला, आणि चुकीचा केला. क्रीडाशिक्षक रजेवर असल्यामुळे सामन्यांसाठी संघ निवडण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही भिंतीवर खडूने एक रेघ ओढली आणि उडी मारून जो तिला हात लावील तो संघात, असा सोपा नियम केला. नेमबाजीत सर्वांत तरबेज असलेला नववीतला एक ठेंगणा मुलगा चार बोटांनी कमी पडला. तो काहीच बोलला नाही. घरी जाऊन त्याने पायांना वाळूच्या पिशव्या बांधल्या आणि फरशीच्या अंगणात रोज शेकडो उड्या मारण्यास आरंभ केला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा गुडघा सुजला, आणि पुढे दीड महिना तो लंगडत शाळेत येत होता. त्याची आई आम्हांला भेटावयास आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने एवढेच विचारले की, उंच उडी मारता येत नसेल तर हा खेळ मुळी खेळताच येत नाही का? आम्हांला तत्काळ उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शोधावे म्हणून आम्ही हा खेळ ज्यांनी निर्माण केला त्या पुरुषाचे चरित्र वाचावयास घेतले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका थंड गावी एका शिक्षकाने दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि जगाला एक नवा खेळ दिला, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. त्या शिक्षकाने बळाविषयी काय विचार केला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांतात, अल्मॉन्ट या गावानजीक झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. जेम्स नऊ वर्षांचा होतो न होतो तोच, १८७० साली, विषमज्वराच्या साथीने आई आणि बाप दोघेही थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. पोरकी भावंडे आजोळी आली. तेथे आजीने आणि पुढे पीटर नावाच्या मामाने त्यांचा सांभाळ केला. मामा शिस्तीचा कडक होता. पहाटे उठून गुरांचे करावे, शेतावर राबावे, हिवाळ्यात रानात जाऊन झाडे तोडावीत, असा या मुलाचा दिनक्रम असे. व्यायामशाळेचे तोंडही न पाहता त्याचे अंग दणकट झाले ते या कष्टांनी.

त्या प्रदेशात हिवाळ्यात नदी गोठते आणि मुले पायांत लोखंडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खेळतात. जेम्सजवळ तशा पट्ट्या नव्हत्या, आणि मामाकडे मागण्याइतका तो धीटही नव्हता. तेव्हा त्याने लोहाराकडच्या दोन जुन्या कानशी घेतल्या, त्या लाकडात घट्ट बसविल्या आणि आपल्या पट्ट्या आपणच तयार केल्या. जे हाताशी आहे त्यातून गरजेची वस्तू घडवावी, ही खोड त्याला लहानपणापासूनच होती, आणि पुढे तीच जगाच्या उपयोगी पडली.

गावातील लोहाराच्या भात्यामागे एक मोठा धोंडा होता. त्यावर मुले एक खेळ खेळत. धोंड्यावर एकाने मुठीएवढा दगड ठेवावयाचा आणि त्याची राखण करावयाची. बाकीच्यांनी दुरून आपापले दगड मारून तो पाडावयाचा, आणि राखणदाराचा हात लागण्यापूर्वी आपला दगड उचलून परतावयाचे. आपल्याकडील लगोरीची आठवण व्हावी असा हा खेळ. यात जो मुलगा सर्व जोर लावून सरळ दगड भिरकावी, त्याचा दगड नेम चुकला की लांबवर जाऊन पडे, आणि तो आणीपर्यंत त्याच्यावर राज्य येई. जो दगड हलकेच वर उडवून कमानीसारखा टाकी, त्याचा दगड धोंड्याजवळच पडे आणि तो सुखरूप परते. जोरापेक्षा अंदाज श्रेष्ठ ठरतो, हा धडा त्या धोंड्यापाशी मिळाला. वीस वर्षांनी तो कामी येणार होता.

वयाच्या पंधराव्या वर्षी जेम्सने शाळा सोडली आणि तो लाकूडतोड्यांच्या तळावर कामास लागला. अशी चार-पाच वर्षे गेली. दणकट सोबत्यांच्या संगतीने दारूचीही ओळख झाली. एके दिवशी गुत्त्यात बसला असता एका वयस्क माणसाने त्याला ओळखले आणि त्याच्या दिवंगत आईचे नाव घेतले, असे सांगतात. त्या एका नावाने तो शरमला आणि त्या दिवसापासून त्याने दारूला स्पर्श केला नाही. पुढे त्याने पुन्हा शाळेत नाव घातले. आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून त्याने राहिलेला अभ्यास पुरा केला, आणि १८८३ साली, म्हणजे बाविसाव्या वर्षी, मॉन्ट्रिअल येथील मॅकगिल विश्वविद्यालयात प्रवेश मिळविला.

धर्मोपदेशक व्हावयाचे या निश्चयाने नेस्मिथ तेथे गेले होते. त्यामुळे पहिल्या दिवसांत पुस्तकांवाचून त्यांना दुसरे काही सुचत नसे. एके रात्री वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी त्यांच्या खोलीत आले आणि इतक्या अभ्यासाने प्रकृतीची हानी होईल, थोडा वेळ व्यायामशाळेत येत जा, असा त्यांनी आग्रह केला. नेस्मिथ गेले, आणि तेथे असे रमले की कसरतींमध्ये त्यांनी विश्वविद्यालयाची पदके मिळविली. रग्बीच्या धर्तीच्या दांडगाईच्या फुटबॉल खेळातही ते संघाच्या मध्यभागी उभे राहू लागले. १८८७ साली ते पदवीधर झाले आणि १८९० साली धर्मशास्त्राचा अभ्यासक्रमही त्यांनी पुरा केला.

त्या काळच्या श्रद्धाळू मंडळींना खेळ म्हणजे सैतानाची करामत वाटे. धर्माच्या विद्यार्थ्याने मैदानात धक्काबुक्की करावी, हे त्यांच्या सहाध्यायांस मुळीच रुचत नसे. एकदा तर शनिवारच्या सामन्यात दोन्ही डोळे काळेनिळे झालेले असताना नेस्मिथ रविवारी प्रवचनास उभे राहिले. परंतु मैदानावरील एका प्रसंगाने त्यांच्या जीवनाला निराळे वळण दिले. खेळाच्या भरात त्यांच्या शेजारच्या एका गड्याच्या तोंडून अपशब्द निघाला. लगेच नेस्मिथांकडे त्याची दृष्टी गेली आणि त्याने ओशाळून क्षमा मागितली. नेस्मिथांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. ते केवळ त्याच्याबरोबर मनापासून आणि नीतीने खेळत आले होते. तरुणांचे मन सुसंस्कृत करावयाचे तर व्यासपीठाप्रमाणेच मैदानही उपयोगी पडते, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा दृढ झाला. घरच्यांची नाराजी पत्करून १८९० साली ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत दाखल झाले.

१८९१ च्या हिवाळ्यात तेथे एक अडचण उभी राहिली. शरद ऋतूत फुटबॉल असे आणि वसंतात बेसबॉल. परंतु मधल्या बर्फाच्या महिन्यांत बंदिस्त व्यायामशाळेत त्याच त्या कवायती आणि कसरती करून विद्यार्थी कंटाळून गेले. अठरा प्रौढ विद्यार्थ्यांचा एक वर्ग तर इतका उच्छृंखल झाला की दोन शिक्षकांनी त्याच्यापुढे हात टेकले. विभागप्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी तो वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात घातला, आणि घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथांनी प्रथम माहितीतलेच खेळ आत आणून पाहिले. फुटबॉल आणला, तर लाकडी जमिनीवर गडी एकमेकांस पाडू लागले आणि हाडे मोडण्याची वेळ आली. पायाने खेळावयाचा फुटबॉल आणला, तर खिडक्यांच्या काचा धोक्यात आल्या. लॅक्रॉस आणला, तर हातांतील काठ्यांनी डोकी आणि हात फुटू लागले. मुदत सरत आली. तेव्हा नेस्मिथ एकान्तात बसले आणि त्यांनी मुळापासून विचार करावयास आरंभ केला. त्यांची ही विचारसरणी, विद्यार्थी मित्रहो, भूमितीच्या सिद्धान्तासारखी आहे. म्हणून ती सावकाश वाचा.

खेळात दांडगाई का होते? तर चेंडू घेऊन पळणाऱ्यास अडविण्यासाठी त्याला पाडावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन पळण्याचीच मनाई केली तर? पळता येत नसेल तर पाडण्याचे कारणच उरत नाही. चेंडू मिळाला तेथूनच तो दुसऱ्याकडे टाकावा लागेल. येथे अर्धा प्रश्न सुटला. राहिले गोल. गोल जर उभे असेल तर चेंडू जितक्या जोराने मारावा तितका लाभ अधिक, आणि जोराने मारलेला चेंडू बंदिस्त जागेत कोणाचे तरी नाक फोडणार. या ठिकाणी त्यांना लोहाराच्या भात्यामागचा तो धोंडा आठवला. गोल जर आडवे, आकाशाकडे तोंड केलेले असेल, तर चेंडू कमानीनेच टाकावा लागेल आणि नुसता जोर कुचकामी ठरेल. परंतु ते जमिनीवर ठेवले तर प्रतिपक्ष त्याभोवती कोंडाळे करून उभा राहील. तेव्हा ते डोक्याच्या वर, हाताच्या आवाक्याबाहेर असले पाहिजे. अशा रीतीने सगळा खेळ त्यांच्या मनश्चक्षूंपुढे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इमारतीची देखभाल करणाऱ्या स्टेबिन्स या गृहस्थांकडे दीड फूट लांबीरुंदीच्या दोन पेट्या मागितल्या. पेट्या नव्हत्या, परंतु पीच नावाच्या फळांच्या दोन जुन्या टोपल्या कोठीत पडून होत्या. त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या खालच्या कडेला ठोकण्यात आल्या. ती कड जमिनीपासून १० फूट उंच होती. आज जगभर ज्या उंचीवर लोखंडी कडे बसविले जाते, ती १० फुटांची, म्हणजे ३.०५ मीटरांची उंची कोणी हिशेब करून ठरविलेली नाही. एका सज्जाच्या कडेने ती ठरविली.

नेस्मिथांनी तेरा नियम लिहून ते फळ्यावर लावले. २१ डिसेंबर १८९१ या दिवशी नऊ-नऊ जणांचे दोन संघ करून पहिला सामना खेळला गेला. चेंडू फुटबॉलचाच होता. सगळ्या सामन्यात एकच गोल झाला; विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याने सुमारे २५ फुटांवरून चेंडू टोपलीत टाकला. टोपल्यांना बूड असल्यामुळे तो काढण्यासाठी वर चढावे लागले. फ्रँक माहन हा त्या वर्गातील पुढारी. त्याने खेळाला नेस्मिथांचेच नाव द्यावे असे सुचविले. नेस्मिथांनी ते हसण्यावारी नेले. तेव्हा टोपली आणि चेंडू यांवरून बास्केटबॉल हे नाव पुढे आले, आणि ते कायम झाले. ज्या वर्गाने दोन शिक्षकांस दमविले होते तोच वर्ग आता व्यायामशाळेतून हलावयास तयार नव्हता.

आता त्या तेरा नियमांतील पाचवा नियम पाहा. प्रतिस्पर्ध्यास खांद्याने ढकलणे, धरणे, लोटणे, पाय घालून पाडणे वा मारणे त्याने निषिद्ध ठरविले. पहिल्या वेळी तो दोष मोजावयाचा, आणि दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत त्या गड्यास बाहेर बसवावयाचे. हा नियम लिहिणारा पुरुष दुबळा नव्हता, हे ध्यानात घ्या. रानातील झाडे तोडून ज्याचे बाहू घडले, कसरतींत ज्याने पदके मिळविली, फुटबॉलच्या मध्यभागी उभे राहून ज्याने शेकडो धडका सोसल्या, त्या बलवान पुरुषाने हा नियम लिहिला. बळाचा त्यांना तिरस्कार नव्हता; त्यांनी केवळ बळाचे क्षेत्र बदलले. तुमचे बळ दुसऱ्याच्या देहावर चालवू नका, ते स्वतःच्या देहावर चालवा. आपला देह वर उचला, चटकन वळवा, जागच्या जागी थांबवा, तोल सावरा. आमच्या मते हे या खेळाचे मर्म आहे, आणि त्या माउलीच्या प्रश्नाच्या उत्तराला येथूनच आरंभ होतो.

खेळ वणव्यासारखा पसरला. जवळच्या शाळेतील शिक्षिका तो पाहावयास आल्या आणि आपणही खेळू लागल्या. त्यांपैकी मॉड शर्मन या तरुणीशी १८९४ साली नेस्मिथांचा विवाह झाला. १८९२ पासूनच मुलींच्या महाविद्यालयांत हा खेळ सुरू झाला होता, हे आमच्या विद्यार्थिनींनी विसरू नये. पहिल्या सामन्यातील खेळाडूंपैकी डंकन पॅटन यांनी १८९४ साली हा खेळ आपल्या देशात आणला. पुढे १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन करणारे हॅरी क्रो बक हे स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. तेथे शिकलेल्या शिक्षकांनी हा खेळ देशातील शाळाशाळांत पोहोचविला. १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला आणि १९८० साली मॉस्को येथील ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला.

खेळाची अशी कीर्ती वाढत असता त्याचे जनक मात्र आपल्या शिक्षणात गढले होते. १८९५ साली ते डेन्व्हर या शहरी गेले. दिवसा व्यायामशाळा सांभाळून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला, आणि १८९८ साली ते डॉक्टर झाले. शरीर कमावणाऱ्याने शरीर जाणले पाहिजे, ही त्यांची निष्ठा. त्याच वर्षी कॅन्सस विश्वविद्यालयाने त्यांस पाचारण केले. प्रार्थनामंदिर आणि व्यायाम ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे सोपविण्यात आली, आणि ती त्यांस शोभूनही दिसली.

कॅन्ससच्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक. १९०७ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्याने खेळ निर्माण केला त्याच्याच पदरी जयांहून पराजय अधिक, ही मौज खरी. परंतु त्यांना त्याची खंत नव्हती. बास्केटबॉल हा खेळावयाचा खेळ आहे, त्याचे फार शिकवणे कशाला, अशी त्यांची वृत्ती होती. स्वतः ते हा खेळ क्वचितच खेळले. व्यायाम म्हणून त्यांना कुस्ती आणि कसरती अधिक प्रिय होत्या. याचा अर्थ नीट लावला पाहिजे. बळ कमावण्याचे स्थान तालीम आणि व्यायामशाळा. बास्केटबॉल हे त्या कमावलेल्या बळाचा विवेकाने विनियोग करण्याचे स्थान. केवळ सामने खेळून अंग घडेल असे त्यांनी मानले नाही, आणि केवळ अंग घडवून सामना जिंकता येईल असेही मानले नाही. त्यांचा शिष्य फॉरेस्ट अ‍ॅलन पुढे कॅन्ससचा थोर प्रशिक्षक झाला आणि शिकवूनही या खेळात पुष्कळ साधता येते हे त्याने दाखविले. शिष्याने गुरूचे मत खोडून काढावे आणि गुरूने त्यात आनंद मानावा, असा हा दुर्मिळ योग होता.

पहिल्या महायुद्धात नेस्मिथ फ्रान्समध्ये सैनिकांच्या सेवेसाठी गेले. १९२५ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांच्या उतारवयातील एक गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. १९३३ साली जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय तरुण शारीरिक शिक्षण घेण्यासाठी कॅन्ससला आला. वर्णभेदाच्या त्या काळात त्याला विश्वविद्यालयाच्या संघात खेळण्याची बंदी होती. नेस्मिथांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतले, जे ज्ञान होते ते दिले, आणि त्याच्यापुढे जी जी दारे बंद होती ती उघडण्यास साहाय्य केले. पुढे मॅकलेंडन नामांकित प्रशिक्षक झाले. वेगाने धावून प्रतिपक्षास दम घेऊ न देणारा खेळ त्यांनी आपल्या संघांस शिकविला, आणि त्यासाठी खेळाडूंकडून कठोर व्यायाम करवून घेतला. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या टेनेसीच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. ज्याला पटांगणात पाय ठेवण्यास मनाई होती त्याने गुरूच्या खेळात दमसासाची भर घातली. उडीइतकेच, कदाचित उडीहून अधिक, मोल या दमाचे आहे.

१९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. वृद्ध नेस्मिथांजवळ प्रवासाचे पैसे नव्हते. खेळाच्या नावावर त्यांनी कधी धन मिळविलेच नव्हते. तेव्हा अमेरिकेतील प्रशिक्षकांच्या संघटनेने खेळाच्या चाहत्यांकडून नाणे नाणे गोळा करून त्यांस धाडले. वीसहून अधिक राष्ट्रांचे संघ आपल्या खेळासाठी जमलेले पाहून त्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील पुरुषास काय वाटले असेल! अंतिम सामना १४ ऑगस्ट रोजी उघड्या मैदानात, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. उडी कसली, उभे राहणेही अवघड झाले. अमेरिकेने कॅनडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. एक जन्मभूमी आणि दुसरी कर्मभूमी; नेस्मिथांनी स्वहस्ते पदके दिली. त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले होते, आणि त्याने तेथे मल्लखांब, हुतूतू इत्यादी आपल्या खेळांचे दर्शन घडविले होते. बळ स्वतःच्या देहावर चालविण्याची विद्या आपल्याकडेही मल्लखांबाच्या रूपाने नांदत आली आहे, हे सांगण्यासाठी आम्ही हा योग नमूद केला.

१९३७ साली नेस्मिथ सेवानिवृत्त झाले, आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावी त्यांचे देहावसान झाले. ज्या स्प्रिंगफील्डमध्ये टोपल्या ठोकल्या गेल्या, तेथे आज त्यांच्या नावाचे मोठे स्मारक-संग्रहालय उभे आहे. त्यांनी लिहिलेल्या तेरा नियमांचा मूळ कागद २०१० साली लिलावात ४० लाखांहून अधिक डॉलरांना विकला गेला. ज्याच्याजवळ बर्लिनच्या भाड्याचे पैसे नव्हते, त्याच्या दोन पानांची ही किंमत!

नेस्मिथांच्या पश्चात खेळ पुष्कळ बदलला. कड्यापाशी उडी मारून चेंडू टिपणारे उंच खेळाडू आले; त्यांना आवर घालण्यासाठी टोपलीकडे उतरू लागलेला चेंडू अडविण्यास १९४४ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात बंदी झाली. बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन हे थोर खेळाडू विद्यार्थिदशेत उंच उडीच्या स्पर्धांतही चमकले, आणि चेंबरलेन तर नेस्मिथांच्याच कॅन्ससचे विद्यार्थी. वजने उचलल्याने स्नायू आखडतात आणि नेम बिघडतो, अशी जुन्या प्रशिक्षकांची ठाम समजूत होती. ती चुकीची ठरली. नेमाचा सराव चालू ठेवून पद्धतशीर कमावलेले बळ हात जड करीत नाही. आज अमेरिकेतील प्रत्येक मोठ्या संघाजवळ बळसंवर्धनाचा स्वतंत्र शिक्षक असतो.

तर मग उत्तर काय? बळ हवे का? होय, हवे. लांबून टाकलेल्या चेंडूचा जोर हातांहून अधिक पायांतून येतो. म्हणून सामन्याच्या अखेरीस ज्याचे पाय थकले त्याचा चेंडू कड्याच्या अलीकडेच पडतो. उडी हवी का? तीही हवी. साडेपाच फूट उंचीच्या मुलाचा वर केलेला हात सात-सव्वासात फुटांवर पोहोचतो. वरचे पावणेतीन फूट अंतर उरतेच. परंतु ते अंतर देहाने भरून काढणे हा एक मार्ग आहे, आणि चेंडूने भरून काढणे हा दुसरा. अमेरिकेच्या व्यावसायिक खेळात स्पड वेब या साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या गड्याने १९८६ साली वरून चेंडू टाकण्याची स्पर्धा जिंकली. तो पहिला मार्ग. माग्सी बोग्ज हा केवळ ५ फूट ३ इंच उंचीचा गडी चपळाई, अचूक चेंडूफेक आणि प्रतिपक्षाचा चेंडू हिरावण्याची कला यांच्या आधारे १४ हंगाम खेळला. तो दुसरा मार्ग. पहिल्या सामन्यातील एकमेव गोलही २५ फुटांवरून झाला होता, हे आम्ही खडूची रेघ ओढताना विसरलो.

आणि बळ कमावावयाचे ते क्रमाने. उडी म्हणजे मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांनी जमिनीस दिलेला झटका होय. त्यासाठी आधी बैठकांनी पाय घडवावे, मग थोड्या उड्या, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन, मऊ जमिनीवर माराव्या. उतरताना गुडघे वाकलेले असावेत आणि ते आत वळू नयेत. वाढत्या वयात दगडी फरशीवर शेकडो उड्या मारल्या तर गुडघ्याच्या वाटीखाली दुखापत होते. पायांस ओझे बांधल्याने ती अधिकच होते. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली योग्य रीतीने केलेल्या बळाच्या व्यायामाने मुलांची वाढ खुंटत नाही, इतकेच नव्हे तर दुखापती कमी होतात. मात्र कोणत्याही उड्यांनी उंची वाढत नाही, हेही तितकेच खरे.

हे सर्व आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला आणि त्याच्या आईला सांगितले, आणि आमच्या चुकीची कबुली दिली. आता त्याचा गुडघा बरा झाला आहे. यंदा संघ निवडताना आम्ही उडी मोजलीच; परंतु तिच्याबरोबर दहा चेंडूंपैकी किती टोपलीत पडतात तेही मोजले, आणि अर्धा तास धावल्यावर पुन्हा दहांपैकी किती पडतात तेही मोजले. त्या मुलाने पहिल्या वेळी आठ आणि दुसऱ्या वेळी सात टाकले. संघात त्याचे नाव लिहिताना आम्हांला कोणावर उपकार केल्यासारखे वाटले नाही.

विद्यार्थी मित्रहो, व्यायाम अवश्य करा. अंग कमवा, पाय घडवा, उड्या मारा. परंतु ज्याने हा खेळ दिला त्याने बळाला घातलेली मर्यादा विसरू नका. आपले बळ दुसऱ्यास पाडण्यासाठी नाही, आणि स्वतःस मोडून घेण्यासाठीही नाही. ते आपल्याला उचलण्यासाठी आहे. आणि आम्हां शिक्षकांनीही एक ध्यानात ठेवावे: भिंतीवर खडूची रेघ ओढण्यापूर्वी, तिच्या खाली उभे राहणाऱ्या मुलांकडे एकदा नीट पाहावे.